अस्वलाच्या पाठीवर

या चैत्रापर्यंत जी गोष्ट मी कोणाजवळ बोललो नव्हतो, बायकोजवळही नाही, ती आधी सांगतो आणि मग प्रवासाचं लिहितो. वलगावला, आमच्या गावाबाहेरच्या चिंचेखाली, दरवर्षी एक अस्वलवाला उतरायचा. इब्राहिम त्याचं नाव, आणि त्याच्या अस्वलीचं मैना. एका वर्षी वनखात्याची जीप आली आणि मैनेला घेऊन गेली. जीप आली, कारण मी सांगितलं होतं.

एवढंच. लिहायला पाच ओळी लागल्या, बोलायला वीस-बावीस वर्षं.

कोणी म्हणेल, मग त्यात चुकलं काय? अस्वल नाचवणं कायद्याने बंदच होतं. मैनेच्या नाकपुडीतून दोरी ओवलेली होती, सुळे लहानपणीच काढलेले होते. ती सुटली हे चांगलंच झालं. तेव्हाही वाटलं, आजही वाटतं. पण मी सांगितलं ते मैनेसाठी नाही. तेव्हा मी अमरावतीला, राजापेठेत, एका सरकारी कचेरीत रोजंदारीवर होतो. एका साहेबांनी सहज विचारलं, "तुमच्याकडे अजून अस्वलवाले येतात का हो?" साहेब माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होते. त्यांनी आणखी थोडं बोलावं म्हणून मी सांगून टाकलं. पुढे मी कायम झालो. त्यामुळे झालो की झालोच असतो, हे मी कधी विचारलं नाही. कोणीतरी उत्तर दिलं असतं, म्हणूनच नाही विचारलं.

नंतर बदली झाली आणि आम्ही साताऱ्याला आलो, इथलेच झालो. मुलगी पल्लवी पुण्यात असते. फाल्गुनात तिचा फोन आला.

"बाबा, माझा तो ताईत आहे का हो अजून?"

"कोणता?"

"अस्वलाच्या केसांचा. हसू नका. पिल्लू झोपेत दचकून ओरडतं. डॉक्टर म्हणतात, या वयात होतं, जाईल. पण आई म्हणाली, मलाही असंच व्हायचं आणि अस्वलावर बसवल्यावर थांबलं."

ताईत देवघराच्या खणात होता. काळ्या दोऱ्यातली पत्र्याची चपटी डबी. ती पाकिटात घातली, पत्ता लिहिला, आणि पाकीट चिकटवता येईना. ज्याच्या हातून तो गळ्यात पडला त्याचं मी काय केलं, ते मला माहीत; आणि आता तो नातवाच्या गळ्यात जाणार. पाकीट तसंच खिशात घातलं. बायकोला, कुंदाला, म्हटलं, गावाकडे जाऊन येतो. तिला वाटलं, भावकीचं काही असेल.

राजापेठ आणि वलगाव

राजापेठेत उतरलो आणि दोनदा रस्ता चुकलो. जिथे आमची कचेरी होती तिथे आता तीन मजले क्लासेस, आणि खाली दुचाक्यांची अशी गर्दी की रस्ता ओलांडायला मला एका मुलीने हात दाखवून मदत केली. गिल्या वड्याचा गाडा मात्र त्याच कोपऱ्यावर होता. माणूस बदललेला, चव तीच. दह्यात बुडालेला वडा आणि वरून लाल चटणी. साताऱ्यात मी कोणाला गिला वडा समजावून सांगू शकलेलो नाही. "म्हणजे दहीवडाच की," म्हणतात. नाही हो. पण जाऊ द्या.

वलगावला स्टँडजवळ पुंडलिकचं चहाचं हॉटेल आहे. आम्ही एका वर्गात होतो. मला पाहिलं आणि तो भट्टीमागूनच ओरडला, "अबे इलास! डोक्यावरचे केस कोठी ठेवून आला बे?"

साताऱ्याकडे पाहुण्याला आधी विचारतात, चहा घेणार का? तो नको म्हणतो, मग ते आग्रह करतात, मग तो घेतो. इकडे कप हातात येतो आणि वर म्हणतात, धर लवकर, हात भाजून राहिला. मी इब्राहिमची चौकशी केली.

"तो अस्वलवाला? अकोल्याले आहे. पोट्टा पंक्चर काढते त्याचा, बाळापूर रोडले. मागं माही ट्यूब त्यानंच जोडून देली. काहून? तुले अस्वल पायजे का?"

"नाही रे, भेटायचं होतं."

"मंग जा ना. अठी चिंचीले काय पाहून राहिला?"

चिंच समोरच दिसत होती. इब्राहिमचं पाल तिच्या पूर्वेला असायचं. सकाळी डमरू वाजला की बाया आजारी, भित्री, किरकिरी पोरं कडेवर घेऊन रांग लावायच्या. अस्वलाच्या पाठीवर पोर बसवलं की त्याच्यातलं भेव अस्वल घेऊन जातं, असा समज. इब्राहिम पोराला उचलून मैनेच्या मानेमागे ठेवायचा, चार पावलं चालवायचा आणि ताईत द्यायचा. पल्लवी तेव्हा तीन वर्षांची. झोपेत किंचाळायची, डोळे उघडे आणि ओळख नाही. मी शिकलेला, माझा विश्वास नव्हता, कुंदाचा होता. पहिल्या दिवशी पल्लवी मैनेच्या केसात मुठी रोवून अशी बसली की उतरेना. इब्राहिम म्हणाला, "हिचं भेव मोठं आहे, साहेब. उद्या निघणार होतो, पण थांबतो. अजून एकदा बसवू."

आमच्यासाठी तो एक दिवस जास्त थांबला. त्या जास्तीच्या दिवशी मी कचेरीत गेलो तेव्हा साहेबांनी विचारलं, आणि मी म्हणालो, आहे ना, आमच्याच गावात, उद्या सकाळपर्यंत नक्की आहे.

त्या संध्याकाळी परत येऊन मी पल्लवीला पुन्हा मैनेवर बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जीप आली.

अकोला

बाळापूर रोडवरचं पंक्चरचं दुकान लगेच सापडलं. तिथल्या तरुणाने हात पुसत मागच्या बाजूची वस्ती दाखवली. दाराशी कडुलिंबाखाली एक उंच म्हातारा बसला होता, पाठ वाकलेली, दाढीला मेंदी. मी माझं नाव सांगितलं. त्याला काही आठवेना. मग मी खिशातून ताईत काढून त्याच्या हातावर ठेवला. त्याने तो उलटापालटा केला, नाकाशी नेला, आणि माझ्याकडे पाहिलं.

"वलगावची भेकड पोट्टी. तिचा बाप तू." मग लगेच, "झोपते का आता?"

"ती झोपते चाचा. आता तिचा पोरगा झोपत नाही."

तो खळखळून हसला. "ए जुबेदा! बाहीर ये वं. वलगावच्या पोट्टीले पोट्टं झालं!" ताईत माझ्या मुठीत परत देत म्हणाला, "ठेव जपून." एवढंच म्हणाला, आणि का कोण जाणे, जरा घाईने म्हणाला.

जुबेदाचाची पदराने हात पुसत बाहेर आल्या. लहानखुऱ्या, बोलायला चटपटीत. जेवायला बसवलंच. अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वर कच्चं तेल. साताऱ्यात आम्ही भाजीत शेंगदाण्याचं कूट घालून सगळं मऊ करून टाकतो. ही अंबाडी आंबट, ठेचा जाळ, डोळ्यांतून पाणी आलं तर चाची म्हणाल्या, "तिकडे जाऊन जीभ लेकराची झाली तुही."

मी ठरवून गेलो होतो की जेवणाआधी सांगायचं. मग ठरवलं, जेवल्यावर सांगू. जेवता जेवता चाचीच जुनं काढून बसल्या.

"माहे अब्बा दरवेशी. त्याइच्याजवळ जमीन नव्हती, गावं होती. म्हणजे गावं काही त्याइची नव्हती, पण अस्वल कोणतं कोणत्या गावात नाचन ते ठरलेलं राहे. दुसऱ्याच्या गावात डमरू वाजवला की जमातीत भांडण. अब्बानं आमा दोघी बहिणींच्या लग्नात गावं वाटून देली. पेढी नदीच्या अलीकडची मले, पलीकडची सुगराले. कोणी भांडी देते, कोणी बकऱ्या. आमाले गावं देली."

"अन् वलगाव?" मी विचारलं.

"वलगाव काठावर," चाचा म्हणाले. "मी म्हणे माहं, रमजान म्हणे त्याचं. रमजान म्हणजे माहा साडू, सुगराचा नवरा. त्या साली आमचं त्याच्यावरूनच वाजलं होतं. अन् त्याच साली जीप आली. सीधी चिंचीपाशी आली, कोणाले विचारलंबी नाही. मी वलगावात एक दिवस जास्तीचा थांबलो हे गावाबाहेर दुसऱ्या कोणाले माहीत होतं? गावाचा फेरा ज्याले ठावा, त्यालेच ना? साडूनं डाव केला."

भाकरीचा तुकडा माझ्या हातात होता. मी पाणी मागितलं.

"जमात बसली," चाची सांगत होत्या. "रमजाननं कसम खाल्ली. यानं मानली नाही. मंग जमातनंबी नाही मानली. त्याचं हुक्कापाणी बंद केलं. त्याच्या अस्वलालेबी पुढच्या साली नेलं, तरीबी म्हणे, पाप केलं त्याचं फळ भेटलं. तो उठला अन् धारणीले निघून गेला. तवापासून मी सुगराचं तोंड पाह्यलं नाही."

मला वाटत होतं, माझ्यामुळे एका माणसाचं अस्वल गेलं. अस्वल बरं आहे, माणूसही उभा राहिला, असं मी स्वतःला सांगत आलो होतो. दोन बहिणींची गोष्ट माझ्या हिशोबात कुठेच नव्हती.

आणि तरी मी तिथे बोललो नाही. भ्यालो. त्याऐवजी म्हणालो, "चाचा, एवढी वर्षं अस्वल पाळलं, रानातलं कधी पाहिलं का?"

"नाही रे. पिल्लू पारध्याकडून यायचं, गोणीत. रानात अस्वल कसं चालते, बिना दोरीचं, ते मी पाह्यलंच नाही. माह्या अब्बानंबी नसन पाह्यलं."

"मग चला की मेळघाटात. मोह पडतोय, अस्वलं येतात म्हणे खायला. धारणीपर्यंत माझ्यासोबत चला."

"धारणी?" चाचांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मी रमजानच्या दारात जाणार नाही. आधीच सांगून ठेवतो."

"दारात नको जाऊ," चाची म्हणाल्या, आणि उठून बोचकं बांधायला लागल्या.

परतवाड्याच्या पुढे

अमरावतीवरून परतवाड्याची बस पकडली. वाटेत दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा. चाचा खिडकीशी बसले होते आणि प्रत्येक गावाला त्यांच्याकडे काहीतरी होतं. इथली पाटलीण मैनेसाठी दूध काढून ठेवायची. तिथे एकदा मैना लग्नाच्या मांडवात शिरली आणि नवरदेव पळाला तो परत सापडेना. पूर्वी पाच-सहा अस्वलांचे काफिले एकत्र चालायचे, बाया-पोरं गाढवांवर, कोंबड्या टोपलीत. पाऊसकाळ सोडला तर मुक्काम नाहीच. अचलपूर जवळ आलं तसे म्हणाले, "माह्या पणज्याचं अस्वल अठी नवाबासमोर नाचलं होतं. नवाबानं खूश होऊन पगडी देली."

"आहे का अजून?"

"कुठची? अस्वलानं त्याच राती फाडून खाल्ली. चाचीले विचार, खरं आहे का नाही."

"मी होती का तवा?" चाची म्हणाल्या. "माह्या लग्नात तं म्हणे हत्ती देला होता."

परतवाड्यावरून जीप. घाट लागला आणि चाचीला मळमळायला लागलं, म्हणून सेमाडोहच्या अलीकडे थांबलो. मी सकाळी बांधून घेतलेली पुऱ्यांची पिशवी बोनेटवर ठेवली तेवढ्यात एका लंगुराने ती उचलली आणि सागाच्या फांदीवर जाऊन निवांत सोडायला लागला. चाचा खाली उभे राहून जरबेच्या आवाजात ओरडले, "बैठ! सलाम कर! सलाम!" लंगूर ऐकून घेत एकेक पुरी खात राहिला.

"माकडवाला असता तं ऐकलं असतं त्यानं," चाची पोट धरून हसत होत्या. "तू अस्वलवाला. तुले कोण विचारते?"

त्यांचं मळमळणंही त्या हसण्यात गेलं. पुढच्या वाटेवर चाचा बाहेर बघत होते. पळस झडत आला होता, साग उघडा, खाली वाळल्या पानांचा थर. मग आपणहूनच म्हणाले, "मी एकदा पाहून आलो मैनेले."

मी त्यांच्याकडे वळलो.

"भोपाळच्या बाजूले ठेवलं होतं. पोट्टा घेऊन गेलता. जाळीच्या या बाजूनं पाह्यलं. दोरी नाही, नाक भरून आलेलं. मातीत लोळत होती, लठ्ठ झाली होती. डमरू होता माह्या झोळीत. वाजवला असता तं उठली असती ते, दोन पायावर. मले माहीत आहे, उठलीच असती." मग म्हणाले, "म्हणून नाही वाजवला."

या वेळी तरी सांगायला हवं होतं. जीपमध्ये ड्रायव्हर होता, हे मी निमित्त धरलं.

धारणी

धारणीला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. आठवडी बाजार उठत होता. कोरकू बाया टोपल्या डोक्यावर घेऊन रांगेने परतत होत्या. रमजानचं दुकान कोणीही सांगेल असं होतं. तो छत्र्या, कुलपं, टॉर्च दुरुस्त करतो. त्याच्या गल्लीच्या तोंडाशी एक लहानसा पूल आहे. चाचा त्याच्या कठड्यावर बसले.

"तू जा बहिणीकडे. मी अठी आहो."

चाची बोचकं घेऊन गल्लीत गेल्या. दहा-बारा घरं पुढे एक बाई सूप घेऊन दारात उभी होती. दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या, आणि आम्हाला इथवर ऐकू आलं.

"किती म्हातारी झाली वं तू!"

"तू काय जवान राह्यली का?"

सूप खाली ठेवलं गेलं आणि दोघी आत गेल्या. कोणी रडलं का ते मला दिसलं नाही.

मी चाचांच्या शेजारी बसलो. आणि सांगितलं. सगळं एका दमात नाही. राजापेठ, साहेब, कायम होण्याची आशा, जास्तीचा दिवस. रमजानचाचांचा काही संबंध नव्हता, हे शेवटी. ते समोर पाहत होते. खाली नाल्यात पाणी नव्हतं, एक डुक्कर माती उकरत होतं.

मग त्यांनी एकच विचारलं. "सांगून आल्यावर पोट्टी बसवली, का बसवून मंग सांगितलं?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. "सांगून आल्यावर."

"म्हणजे तिले पकडून देलं, अन् त्याच राती आपली लेक तिच्या पाठीवर ठेवली."

"हो."

"भरोसा होता तं मंग तुहा तिच्यावर," ते म्हणाले.

यात राग होता की काय होतं, मी अजून ठरवू शकलेलो नाही. त्यांनी हात पुढे केला. "तो ताईत काढ." मी दिला. त्यांनी नखाने डबीचं झाकण उचकटलं आणि आतली काळी बट बोटांवर घेतली.

"आता तू बोलला, तं मीबी बोलतो. हे बकरीचे केस आहे. काळ्या बकरीचे. प्रत्येक पोट्ट्याले मैनेचे केस देले असते तं ते टकली झाली असती ना! तुह्यासारखी." आणि माझ्या डोक्याकडे पाहून त्यांना हसू फुटलं. मलाही फुटलं. हसता हसता माझे डोळे भरले आणि मी ते लपवले नाहीत. त्यांनी बट परत डबीत भरली, झाकण दाबलं. मग कठड्यावर हात टेकून उठले.

"चाल. तुह्यावर राग करायले पुढे लय टाइम आहे. आधी माहं निस्तरू."

रमजानचाचा दुकानाच्या फळीवर बसून छत्रीच्या काड्या जुळवत होते. जाड भिंगाचा चष्मा, बारीक अंगकाठी. साडूला पाहूनही हात थांबला नाही. इब्राहिमचाचा उभ्यानेच बोलले, "रमजान, तू नव्हता. हा होता. मी चुकलो." मग मी बोललो. रमजानचाचांनी काडी बसवली, छत्री उघडून पाहिली, मिटली.

"झालं?" ते म्हणाले. "घरात येऊन कानात माफी मांगता. मले तं अख्ख्या जमातीसमोर चोर केलं होतं. लेकीचं लग्न जुळे ना, मालूम आहे? शेवटी मध्यप्रदेशात देली." मग इब्राहिमकडे छत्री रोखून, "तू तुह्या तोंडानं बोलला होता." माझ्याकडे, "अन् या साहेबानं आपलं तोंड बंद ठेवलं होतं. आता दोघंबी आपापलं तोंड घेऊन तठीच या. पावसाळ्यानंतर जमात बसते, मूर्तिजापूरच्या पुढच्या माळावर. सगळे राहतात. तठी बोला. तवा मी मानीन."

"येईन," मी म्हणालो.

"सगळेच म्हणतात येईन. आता हात धुवा. सुगरानं अंडे टाकले रश्श्यात."

अंड्याचा रस्सा झणझणीत होता आणि भात गरम. दोन्ही बहिणी एकाच ताटात जेवल्या. रमजानचाचा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, पण मिठाची वाटी तीनदा माझ्याकडे सरकवली.

मोहाखाली

पहाटे रमजानचाचांनीच उठवलं. ओळखीच्या जीपने आम्ही तिघे एका पाड्याच्या पुढे गेलो आणि नाल्याच्या अलीकडे थांबलो. पलीकडे मोहाची झाडं. हवेत गोड, जड, थोडा आंबूस वास. पाड्यातल्या चार-पाच बाया टोपल्या घेऊन आमच्याही मागे, दूर बसल्या होत्या. फुलं वेचायला आल्या आहेत आणि वेचत का नाहीत, मी विचारलं. रमजानचाचांनी ओठांवर बोट ठेवलं आणि झाडाखाली दाखवलं.

आधी नुसता काळा ढीग वाटला. मग ढीग हलला. अस्वल जमिनीला नाक लावून फुलं ओढत होतं, फुर्रफुर्र आवाज नाल्याच्या या काठावर येत होता. ते वळलं तेव्हा दिसलं, पाठीवर दोन पिल्लं. केसात मुठी रोवून, एकामागे एक, आई चालेल तशी हलत.

पल्लवी अगदी अशीच बसली होती. उतरेना.

इब्राहिमचाचांचा उजवा हात अर्धवट वर आला होता, बोटं वळलेली, दोरी धरल्यासारखी. त्यांचं त्यांनाच कळलं तेव्हा त्यांनी तो खिशात घातला.

"मैना आली तवा एवढीच होती," ते अगदी हळू म्हणाले. "राती माह्या पाठीवर चढे. खाली ठेवलं की रडे, अन् पुन्हा चढे. मी सगळ्याइले सांगत फिरलो, पाहा कशी माया करते." त्यांनी पिल्लांकडे बोट दाखवलं. "ते पाठ शोधून राहिली होती. आईची."

रमजानचाचांनी साडूच्या खांद्यावर हात ठेवला नाही. पण जवळ सरकून उभे राहिले, खांद्याला खांदा लागेल इतके. "माह्यावालंबी तसंच करे," ते म्हणाले.

अस्वलीचं पोट भरलं. ती उतारावरून सावकाश, पाय आत वळवत, झुडपात गेली. पिल्लांची डोकी सगळ्यात शेवटी दिसेनाशी झाली. मग थोड्या वेळाने बाया उठल्या आणि उरलेली फुलं वेचायला लागल्या. आधी ती, मग आपण, असाच इथला रिवाज आहे म्हणे. इब्राहिमचाचांना तो फार आवडला. पालावर भाकरी झाली की पहिली मैनेची असायची, ते परत परत सांगत राहिले. एका बाईने ओंजळभर मोह त्यांना दिला. त्यांनी एक फूल तोंडात टाकलं आणि उरलेली रुमालात बांधली.

चाची धारणीतच राहिल्या, पंधरा दिवसांसाठी म्हणून. सुगरा म्हणाली, पंधरा दिवसांत काय होते? चाचा एकटे परत यायला तयार झाले, पण परतवाड्यापर्यंत कुरकुरत होते की आता भाकरी कोण करणार. अमरावतीला स्टँडवर त्यांनी मला मिठी मारली नाही. म्हणाले, "पोट्टीले सांग, बकरीचे आहे. पण बसवली ते मैनेवरच होती. ते खोटं नाही."

साताऱ्याला आल्यावर पहिल्यांदा कुंदाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी चहा देताना म्हणाली, "एवढी वर्षं एकट्याने कशाला वागवलंत?" आणि मग, "मला का नाही सांगितलंत, ते मला कळतं. पण बरं नाही वाटलं." पल्लवीला फोनवर सगळं सांगितलं, बकरीच्या केसांसकट. ती हसली. "बकरीचे तर बकरीचे, पाठवा तुम्ही." या वेळी पाकीट चिकटलं. नातू आता बरा झोपतो. डॉक्टर म्हणालेच होते, जाईल.

बऱ्याच दिवसांनी मीही बरा झोपतो. ज्यांनी मेळघाट पाहिलेला नाही त्यांनी चैत्रात जावं, मोह पडताना, पहाटे, आणि नाल्याच्या अलीकडेच थांबावं.

हे लिहून मी मोकळा झालो, असं मात्र मी धरलेलं नाही. हे इब्राहिमचाचा वाचणार नाहीत, रमजानचाचाही नाहीत, आणि मूर्तिजापूरच्या माळावर जमणारे लोक तर नाहीतच. पावसाळ्यानंतर मला तिथे जाऊन, सगळ्यांसमोर उभं राहून, रमजान नव्हता, मी होतो, एवढं म्हणायचं आहे. ते अजून म्हटलेलं नाही. तेवढं देणं माझ्याकडे बाकी आहे.